निगडी ते बाल्टिक, विनामदत

१ मे २०२५, निगडी

महाराष्ट्र दिन. कंपनीला सुट्टी. निर्णय पक्का.

लग्नाला यंदा पंचवीस वर्षं होतात. त्यानिमित्त मी आणि निशिगंधा लिथुएनियात सायकलवर फिरणार. कौनास शहर ते बाल्टिक समुद्र, नेमुनास नदीच्या काठाकाठाने. साधारण अडीचशे किलोमीटर. तीन दिवस. मदत शून्य.

लिथुएनियाच का, असं सोसायटीत प्रत्येकाने विचारलं. आमची मुलगी सायली कौनासला एमटेक करते, हे खरं कारण. मी सांगितलेलं कारण : तिथे सायकलने गेलेला निगडीकर माझ्या माहितीत नाही.

‘विनामदत’ हा शब्द माझा. नियम असे. कुणाच्या गाडीत बसायचं नाही, कुणाच्या घरी जेवायचं नाही, कुणाच्या छपराखाली झोपायचं नाही. ठरलेल्या गावी बुक केलेली खोली, नाहीतर तंबू. मी चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे, आजवर कुणापुढे हात पसरलेला नाही. शेवटी दोघांच्या सायकलींची पुढची चाकं समुद्रात बुडवून फोटो काढायचा. त्या फोटोची कॅप्शन सोसायटीच्या ग्रुपवर आजच टाकली. फोटो नंतर.

खालच्या मजल्यावरचे रंगराव म्हणाले, ज्ञानेशराव, वळख न्हाई पाळख न्हाई, त्या मुलखात तुमाला इचारनार कोन? रंगराव मूळचे इथले. आमचा अख्खा सेक्टर त्यांच्या आज्याच्या वावरात उभा आहे आणि ते अजूनही वावर बघायला आल्यासारखे पार्किंगमध्ये हिंडतात. मी म्हणालो, कुणी विचारावं अशी अपेक्षाच नाही.

निशिगंधा आकुर्डीला बालवाडीत शिकवते. गेली बारा वर्षं जुन्या लेडीज सायकलवर जाते-येते. तिला बजावलं, तुला कसून तयारी करावी लागेल. ती म्हणाली, बघते.

४ मे, पहाटे ५.१५

आजपासून रोज वीस किलोमीटर. गजर वेळेवर झाला. गजराची ट्रायल यशस्वी.

११ मे

नवी सायकल आली. एकवीस गिअर. भक्ती-शक्ती चौकापर्यंत जाऊन आलो. तिकडे जाताना चढ आहे. लोकांना तो माहीत नाही, कारण लोक मोटरसायकलवर असतात.

वाटेत निशिगंधा भेटली. हँडलला दोन्हीकडे भाजीच्या पिशव्या. मला मागे टाकून गेली. तिची सायकल जड असल्यामुळे उताराला जोरात पळते. आम्ही तेव्हा चढावर होतो, पण तो मुद्दा वेगळा.

२५ मे

लाँग राइड. निगडी, तळवडे, चाकण. रस्त्यावर सगळे कंटेनर. धूळ खात कंपनीच्या गेटपर्यंत पोचलो, हे महत्त्वाचं. परत येताना पहिल्या शिफ्टची बस निघालीच होती. ड्रायव्हर धोंडीबा म्हणाला, सायेब, सायकल चढवतो मागं. मी म्हणालो, नको रे. तो म्हणाला, आवो या की. मी म्हणालो, छे छे. त्याने खाली उतरून सायकलला हातच घातला. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान. बसलो.

संध्याकाळी रंगरावांकडे आमरस. त्यांच्या बायको सोजराबाई वाढायला उभ्या. पहिल्यांदा मी ‘नको’ म्हणालो, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरला, तिसऱ्यांदा ‘बरं, अगदी थोडा’. चार वाट्या झाल्या. माणसाने असंच वागावं. मागून खायचं नाही आणि दिलेलं पहिल्या झटक्यात घ्यायचं नाही. आमच्या वडिलांनी, दौलतरावांनी, आम्हाला दुसरं काही दिलं नसेल, पण हे वळण दिलं.

८ जून

पॅकिंग. तंबू, पंप, दोन टायर, चेन, पाना सेट, गुडघ्याचा पट्टा (निशिगंधासाठी, लागला तर), जीपीएस, थालीपीठाची भाजणी. माझं सामान सोळा किलो. तिचं सहा. त्यातही चिवड्याच्या वीसेक पुड्या. कशाला, विचारलं. म्हणाली, कुणाच्या घरी गेलो तर रिकाम्या हाताने कसं जायचं. तिला ‘विनामदत’ अजून नीट कळलेलं नाही.

निशिगंधाला विचारलं, तुला सायकलिंगचे बूट घेऊ का? ती म्हणाली, नको, आहेत ते चालतील. मी म्हणालो, बरं. हिच्याशी संसार सोपा गेला तो यामुळेच. एका वाक्यात विषय संपतो.

१७ जून, कौनास

पोचलो. सायलीने दोन सायकली भाड्याने आणून ठेवल्या आहेत. चांगल्या आहेत. सीट जरा कडक.

लिथुएनियन भाषा संस्कृतच्या जवळची आहे असं वाचलं. दहावीला संस्कृतमध्ये मला चौऱ्याण्णव होते. भाषेचा प्रश्न मिटला.

१९ जून, दिवस पहिला

प्लॅन : पंच्याऐंशी किलोमीटर, युरबारकास गाव. प्रत्यक्षात : एकतीस. कारण : समोरून वारा. समुद्राकडून येतो म्हणे. सायलीने हे आधी सांगायला हवं होतं. तिने सांगितलं होतं, पण पुरेशा गांभीर्याने नाही.

प्रदेश सुंदर. डावीकडे नदी, उजवीकडे गवताची कुरणं, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी. एकही कंटेनर नाही. त्यामुळे थांबायला निमित्तही मिळत नाही.

दुपारी दोन वाजता एका पिवळ्या लाकडी घरापाशी पाणी प्यायला थांबलो. कुंपणाआडून एक म्हातारी बाहेर आली. नाव ओना. मी संस्कृतमध्ये नमस्कार आणि परिचय केला. तिने हसून पाणी आणलं. पाणी मदतीत धरत नाही. मग आत बोलावलं. अंगणात टेबल, त्यावर बीट आणि ताकासारख्या कशाचं तरी गार गुलाबी सार, वाफाळते बटाटे, सगळ्यावर शेपू. मला शेपू चालत नाही, पण सकाळपासून पोटात एक केळं होतं. तिने खुर्ची ओढून मला ‘बसा’ अशी खूण केली. मी छातीवर हात ठेवून, मान हलवून, हसून ‘नो, नो, थँक्यू’ म्हणालो. अगदी निगडीत म्हणतो तसं.

तिने मान डोलावली आणि खुर्ची परत आत सरकवली.

मी उभा राहिलो. निशिगंधाला विचारलं, तर ती सरळ बसली. दोन वाट्या सार प्यायली. शेपूच्या काड्यासुद्धा ठेवल्या नाहीत. चिवड्याची पुडी दिली, ओनाबाईंनी तिला मिठी मारली. मी तेवढ्या वेळात त्यांचं गवताचं शेड, विहीर, कोंबड्यांचं खुराडं असं सगळं पाहिलं. दुसऱ्यांदा विचारायला सोपं जावं म्हणून टेबलाजवळूनच दोनतीनदा गेलो. नंतर बशा आत गेल्या.

प्रेमळ बाई. थोडी अबोल.

रात्रीची खोली युरबारकासला बुक होती आणि आम्ही एकतीसवर. ओनाबाईंनी राहा म्हटलं. निशिगंधा ‘हो’ म्हणाली. मी त्यांच्या अंगणात तंबू ठोकला. अंगण म्हणजे छप्पर नव्हे. नियम शाबूत.

२० जून, दिवस दुसरा

निशिगंधाला पिसांची उशी मिळाली. मला डास.

प्लॅन : कालचे राहिलेले भरून काढणे. प्रत्यक्षात : पंचवीस. वारा. शिवाय सीट.

दुपारी मागून ट्रॅक्टर आला, मागे रिकामी ट्रॉली. माणूस थांबला, ट्रॉलीकडे बोट दाखवलं, सायकलीकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. एवढं स्वच्छ आमंत्रण मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी ‘नो, नो’ म्हणालो. तो गेला. वळूनही पाहिलं नाही. मी दोनदा घंटी वाजवली. निरोपाची.

निशिगंधा तेव्हा पुढच्या वळणावर बसून काकडी आणि मध खात होती. काकडीवर मध घालून खातात इथे. कुणीतरी तिला कुंपणावरून दिलं. काल सहा किलो सामान होतं तिचं, आज आठ. राय नावाच्या धान्याची एक अख्खी काळी भाकरी, मधाची बरणी, लोकरीचे मोजे. तिने मला अर्धी काकडी दिली. बायकोने दिलेलं मदतीत धरत नाही. नवा नियम.

२१ जून, दिवस तिसरा

आजच समुद्राला पोचायचं होतं. युरबारकासला आलो, म्हणजे पहिल्या दिवसाचं टार्गेट पूर्ण. प्लॅन रिव्हाइज केला : सात दिवस. ग्रुपवर टाकलं, निसर्गाचा आस्वाद घेत आहोत.

चौकातल्या बाकावर बसून व्हाय-व्हाय केलं. कंपनीत रिजेक्शन आलं की आम्ही पाच वेळा ‘का’ विचारतो आणि मुळाशी जातो. मी उपाशी का? जेवलो नाही म्हणून. का जेवलो नाही? त्यांनी वाढलं नाही म्हणून. का वाढलं नाही? मी नको म्हणालो म्हणून. का नको म्हणालो? घेणार होतो म्हणून. इथे विश्लेषण अडलं.

सायलीला फोन केला. ती हसत सुटली. म्हणाली, बाबा, इथे लोक एकदाच विचारतात. तुम्ही नको म्हणालात तर त्यांना वाटतं तुम्हाला खरंच नको आहे, पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी तुम्हाला त्रास देणं. तुम्ही पहिल्यांदाच ‘हो’ म्हणा ना. आईसारखं.

मी म्हणालो, शक्य नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस परक्या अंगणात उभा राहून ‘हो, वाढा’ म्हणणार? एवढा मी पडलेलो नाही. त्यांचा रिवाज त्यांच्यापाशी. मी रीत सोडणार नाही. बघू या आधी कोण थकतं, मी का लिथुएनिया.

२२ जून, दिवस चौथा

करेक्टिव्ह ॲक्शन : ‘नो’ म्हणताना जोर कमी करणे. एका बाईने घरचं दाबलेलं चीज पुढे केलं. मी ‘नो’ इतक्या हळू आणि इतक्या लांबवून म्हणालो की निगडीत त्याला कुणीही ‘आणा लवकर’ असंच समजलं असतं. तिने अदबीने ताटली मागे घेतली. निशिगंधा ‘हो’ म्हणाली आणि तिला गाय दाखवायलाही नेलं.

मी गायीपाशी नव्हतो. मी सायकलींपाशी होतो.

गुडघा दुखतो. पट्टा वापरतो आहे. पट्ट्याची टेस्ट म्हणून.

२३ जून, संध्याकाळी नऊ (ऊन आहे)

इथे आज मोठा सण. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साजरा करतात, नदीकाठी शेकोटी पेटवतात. आम्ही थांबलो ते गाव म्हणजे दहाबारा घरं. बायकांनी रानफुलांची वेणी करून निशिगंधाच्या डोक्यावर ठेवली. पंजाबी ड्रेस, पायात लोकरीचे मोजे, डोक्यावर फुलांचा मुकुट. फार छान दिसत होती. तिला सांगायचं राहिलं. ती लांब होती.

बायकांनी हात धरून फेर धरला. निशिगंधा घुसली. थोड्या वेळाने सगळं गाव तिच्याकडून फुगडी शिकत होतं. एक जाडजूड बाई आणि निशिगंधा अशी फुगडी, की मला वाटलं दोघी नदीत जातात. तिला एवढं हसताना मी पाहिलंय का, आठवत बसलो. आठवलं नाही. विसरलो असेन.

एका म्हाताऱ्याने मला हात पुढे केला, या म्हणून. मी सवयीने ‘नो, नो’ म्हणालो. फेर पुढे सरकला. दोन सायकली कुणीतरी धरायलाच हव्या होत्या. स्टँड आहेत सायकलींना, पण जमीन मऊ होती.

मी खंबीर आहे.

२५ जून, शिलुतेजवळ

परिस्थिती : गुडघा सुजला. बसायची जागा लिहिण्यासारखी नाही. समुद्र पन्नासेक किलोमीटर.

मुक्काम दानुतेकडे. ही रिटायर्ड पोस्टवूमन, पासष्टची, जन्मभर सायकलवर टपाल वाटलं. फुगडीवाल्या जाड्या बाईची बहीण. निशिगंधा आणि ती फोनमध्ये आपापल्या भाषेत बोलतात, फोन भाषांतर करतो, आणि फोन गप्प असतानाही दोघींना कळतं. निशिगंधा त्यांच्या घरात, मी त्यांच्या सफरचंदाच्या झाडाखाली, तंबूत.

सकाळी दानुतेचा नवरा व्हितौतास व्हॅनपाशी आला. फोनमध्ये बोलला. फोन म्हणाला : तुमचा पाय दुखतो, तुम्हाला सायकलसकट समुद्रापर्यंत सोडू का? मी म्हणालो, नो, थँक्यू. त्याने मान डोलावली, हात मिळवला आणि रिकामी व्हॅन घेऊन समुद्राकडेच निघून गेला. त्याला तिकडे कामच होतं.

मग निशिगंधा आली. म्हणाली, दोन दिवस इथे थांबू या का? दानुते राहा म्हणते. गुडघा उतरला की हळूहळू दोघं जाऊ. चाकं बरोबरच बुडवायची आहेत ना?

एवढंच हवं होतं मला. गेले सहा दिवस तेवढंच हवं होतं. मी म्हणालो, नको, माझ्यासाठी कशाला थांबतेस, तू हो पुढे.

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बरं.

दानुते तिच्या सोबतीला निघाली, टपालाच्या जुन्या सायकलवर. मी फाटकात उभा राहिलो. रस्ता सरळसोट, पुष्कळ लांबपर्यंत दिसतो. ती थांबून मागे वळेल असं वाटत होतं. वळली. हात हलवला. आणि गेली.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.

त्याच दिवशी, दुपार

शिलुतेहून क्लायपेडाला बस आहे. बसचं तिकीट काढतो, म्हणजे मदत नाही. सायकल बसमध्ये घेत नाहीत. दानुतेच्या कोठारापाशी टेकवून ठेवली. हेल्मेट डोक्यावर ठेवलं. सायकलस्वाराची ओळख सायकल नसून हेल्मेट आहे.

२५ जून, संध्याकाळ, समुद्र

क्लायपेडाला बोटीतून खाडी ओलांडायची, पाइनच्या रानातून चालत जायचं, मग वाळू. चालत म्हणजे मी लंगडत.

निशिगंधा गुडघाभर पाण्यात उभी होती. सलवार दुमडलेली. शेजारी दानुते. व्हितौतासही तिथेच, पँट दुमडून, मासे भाजायची जाळी घेऊन. सायकली वाळूत. पुढची चाकं ओली.

फोटो काढला. निशिगंधा, तिची सायकल, आणि हेल्मेट घातलेला मी. मी सायकलच्या अशा बाजूला उभा राहिलो की दुसरी सायकल फोटोबाहेर आहे असं वाटावं. ग्रुपवर टाकला. रंगरावांनी अंगठा पाठवला.

मासे भाजले. व्हितौतासने ताटली पुढे केली. मी ‘नो’ म्हणणार इतक्यात निशिगंधाने माझ्याकडे न बघता ताटली घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. खाल्ले. यावर शेपू होता. चांगला लागला.

जेवताना निशिगंधा बोलायला लागली, लाटांकडे बघत. म्हणाली, लग्न झालं त्या वर्षी तुम्ही मला विचारलं होतंत, हरिहरेश्वरला जायचं का, समुद्र बघायला. मी म्हणाले, नको, कशाला खर्च. नवी नवरी दुसरं काय म्हणणार? तुम्ही म्हणालात, बरं. मी आपली चार दिवस वाट बघत होते, पुन्हा विचाराल म्हणून. बॅगेत साडीसुद्धा काढून ठेवली होती. मग सायली दोन वर्षांची असताना विचारलंत, बीएड करतेस का. मी म्हणाले, नको, पोरगी लहान आहे. तुम्ही म्हणालात, बरं. परवा बुटांचंही तसंच. ओनाबाईंनी तुमची खुर्ची आत सरकवली ना, तेव्हा तुम्ही तिथे उभे होतात, मला इतकं ओळखीचं वाटलं ते. अहो, तुम्ही तर मूळचे इथलेच. मला भेटलेले पहिले लिथुएनियन तुम्हीच.

मला आनंद झाला. सबंध टूरमध्ये माझ्याविषयी बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य. माझा स्वभाव युरोपियन आहे हे मला आधीपासून वाटतच होतं.

ती हसत नव्हती, पण वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी येतं इथे.

६ जुलै, निगडी

परतलो. सोसायटीच्या हॉलमध्ये अनुभवकथन केलं. विषय : विनामदत. चाळीस स्लाइड. प्रश्न घेतले नाहीत, वेळ नव्हता.

रंगराव म्हणाले, वैनी बी बोलतील की दोन शब्द. निशिगंधा म्हणाली, हो. उठली आणि बोलली. ओनाबाई, काकडी-मध, गाय, फुगडी, दानुतेचं टपाल. लोक टाळ्या वाजवत होते. सोजराबाई तर रडल्या. माझ्या स्लाइडमध्ये ग्राफ होते.

एक फरक जाणवतो. सकाळी तिने विचारलं, चहा? मी म्हणालो, नको, आत्ताच उठलो. तिने एक कप केला. प्यायली.

१४ सप्टेंबर

घरात हल्ली एकदाच विचारतात. भजी एकदा. लिंबू सरबत एकदा. मी वजन कमी करत आहे असं कंपनीत सांगितलं. खरंच तीन किलो कमी झालं. विनामदत.

२० ऑक्टोबर

दिवाळी. फराळ रंगरावांकडे. सोजराबाईंनी तीनदा आग्रह केला. डोळे भरून आले. मिरची लागली म्हणालो.

१ नोव्हेंबर

निशिगंधा, बालवाडीतल्या पाच बाया आणि आकुर्डीच्या दोघी, अशा आठ जणी येत्या शनिवारी सायकलवर निघणार. निगडी ते हरिहरेश्वर. तीन दिवस. समुद्रात चाकं बुडवायची. मागे टेम्पो घेऊन सोजराबाई आणि रंगराव. कारण त्यांनी ‘सोबत येऊ का’ विचारलं आणि निशिगंधा ‘हो’ म्हणाली.

आज स्वयंपाकघरात तिने मला विचारलं, तुम्ही येणार का? ओट्याकडे तोंड होतं, पण लाटणं थांबवलं होतं.

मी म्हणालो, नको, तुम्ही बायका-बायका मजा करा, मी कशाला मध्ये.

ती म्हणाली, बरं. लाटणं सुरू.

मला जायचंय. इथे कुणी वाचत नाही म्हणून स्पष्ट लिहितो, मला जायचंय. हरिहरेश्वरला तर मीच विचारलं होतं पहिल्यांदा. अजून सात दिवस आहेत. आपण निगडीत आहोत, लिथुएनियात नाही. ती पुन्हा विचारेल. चेनला तेल घातलं.

५ नोव्हेंबर

विचारलं नाही. सीट बदलून घेतली, मऊ. जेवताना मुद्दाम हवामानाचा विषय काढला. ताम्हिणीत सकाळी गारवा असतो म्हणालो. ती म्हणाली, हो, स्वेटर घेतलाय.

७ नोव्हेंबर

तिचं सामान सहा किलो. चिवडा आहेच. माझी बॅग भरून पलंगाखाली ठेवली आहे. साडीसारखी.

८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

पावणेसहाला गेटपाशी आठ सायकली, टेम्पोत रंगराव. मी खाली गेलो, निरोप द्यायला. हेल्मेट घालून.

निशिगंधाने विचारलं, हेल्मेट का घातलंय? मी म्हणालो, सहज.

ती थांबली. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. बाकीच्या जणी पुढे सरकल्या. टेम्पोतून रंगराव म्हणाले, चला आता, उशीर व्हतोय. तरी ती थांबली. माझ्याकडे बघत. बऱ्यापैकी वेळ.

मी म्हणालो, सावकाश जा.

ती म्हणाली, बरं.

वर येऊन बघतो तर ओट्यावर पोहे झाकून ठेवलेले. माझ्यापुरते. विचारलं नव्हतं.

तिथे दोनच शब्द म्हणायचे होते, ‘मी येतो’, हे आत्ता सुचलं. पलंगाखालून बॅग ओढून धावत खाली गेलो. गुडघा ठीक आहे. रस्ता रिकामा होता.

पोहे गार झाले. हेल्मेट काढायचं राहिलंय.